दुसऱ्या दिवसापासून सांभाळा

समाजासाठी, निसर्गासाठी आपणही काहीतरी करावं असं तुमच्या मनात आलंय म्हणे. घाबरू नका. हे बहुतेकांना कधी ना कधी होतं आणि नीट पथ्य पाळलं तर आठवड्याभरात उतरतं. पथ्य पाळलं नाही तर मात्र अंगात मुरतं. मग माणूस दर महिन्याला कुठल्यातरी कंटाळवाण्या बैठकीला जाऊन बसतो, घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजतो आणि त्याचा एक फोटोसुद्धा कुणी काढत नाही. चांगल्या घरची, शिकलीसवरली माणसं अशी वाया गेलेली मी पाहिली आहेत. तुमचं तसं होऊ नये, एवढीच तळमळ.

पथ्य एकच आहे. कुठल्याही सत्कार्याचा पहिला दिवस आपला. उत्साह, गर्दी, टोप्या, टी-शर्ट, भाषणं हे सगळं पहिल्या दिवशी असतं. दुसऱ्या दिवशी तिथे नुसतं काम उरलेलं असतं. तेव्हा पहिल्या दिवशी पुढे राहा आणि दुसऱ्या दिवशी गावाला जा.

सुरुवात झाडापासून करा, कारण झाड तक्रार करत नाही. रोप लावायला पाच मिनिटं लागतात, जगवायला निदान दोन-तीन उन्हाळे. यातली पाच मिनिटं तुमची. रोप एका हाताने धरा, दुसऱ्या हातात झारी तिरकी धरा. झारीत पाणी आहे की नाही हे फोटोत कळत नाही. हे काम फक्त हौशी लोकच करतात असं समजू नका. तुर्कस्तानात ११ नोव्हेंबर २०१९ रोजी एका दिवसात १ कोटी १० लाख रोपं लावली गेली. त्यातल्या एका ठिकाणी तर तासाभरात ३,०३,१५० रोपं लावल्याचा विक्रम झाला. तीन महिन्यांत तिथल्या वनकामगारांच्या संघटनेने काही ठिकाणी पाहणी केली आणि तपासलेल्या रोपांपैकी नव्वद टक्क्यांपर्यंत मेल्याचं सांगितलं. लावायची वेळ चुकली, पाणी मिळालं नाही, असं त्यांचं म्हणणं. सरकार म्हणालं, छे, पंचाण्णव टक्के ठणठणीत आहेत. रोपांना कुणी विचारलं नाही. विक्रम मात्र झाला तो झालाच. जगलेल्या झाडांचा असा तासाभरात विक्रम करता येत नाही, म्हणून त्या भानगडीत कुणी पडत नाही.

आता पिशवी. प्लॅस्टिकची पिशवी वाईट हे तुम्हाला ठाऊक आहेच, तेव्हा कापडी पिशवी घ्या. एक घेऊन भागणार नाही. पर्यावरणाच्या प्रत्येक कार्यक्रमात एक मिळते, ती नाकारू नका. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने २०१८ साली पिशव्यांचा जन्मापासून मरणापर्यंतचा हिशेब मांडला होता. कापूस पिकवायला लागणारं पाणी, खतं, कारखाना, सगळं धरून साधी सुती पिशवी ७,१०० वेळा वापरली, तर ती पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीच्या बरोबरीला येते. सेंद्रिय कापसाची असेल तर २०,००० वेळा. म्हणजे रोज एकदा हातात धरली तरी जवळजवळ ५५ वर्षं. (फक्त हवामानापुरतं बघितलं तर ५२ वेळांतही भागतं, आणि प्लॅस्टिक उघड्यावर पडून गटारं तुंबतात, ते या हिशेबात धरलेलंच नाही. पण हे बारकावे बोलण्याच्या ओघात गाळायचे असतात, दोन्ही बाजूंनी.) थोडक्यात, एकच पिशवी फाटेपर्यंत वापरणं हा उपाय होता. तो तुम्हाला शोभत नाही. त्या पिशवीवर तर आता घोषवाक्यसुद्धा पुसट झालेलं असतं. दाराच्या मागे खुंटीला चाळीस पिशव्या लटकल्या पाहिजेत, आणि बाहेर पडताना त्यातली एकही आठवता कामा नये.

वर्षातून एक तास दिवे बंद करण्याचा सोहळाही सोडू नका. २००७ साली सिडनीत सुरू झालेला हा उपक्रम आता जगभर होतो, मार्चच्या शेवटाला, रात्री साडेआठ ते साडेनऊ. दिवे घालवा, मेणबत्त्या लावा. मेणबत्तीचं मेण बहुधा खनिज तेलातूनच आलेलं असतं, पण उजेड मंद पडतो आणि चेहरे छान दिसतात. वातानुकूलन यंत्राला दिवा म्हणत नाहीत, तेव्हा ते चालू राहू द्या. साडेनऊ वाजता पृथ्वी वाचलेली असते.

पाठिंबा दाखवण्याची जागा म्हणजे छाती किंवा मोबाइल. कॅनडातल्या काही संशोधकांनी २०१४ साली एक अभ्यास छापला. माजी सैनिकांच्या स्मरणार्थ लावायचं लाल फूल काही जणांना सगळ्यांदेखत छातीवर लावायला दिलं, काहींना गुपचूप पाकिटात घालून दिलं. पुढे वाटेत दोघांकडेही मदत मागितली. पाकिटवाल्यांनी जास्त पैसे दिले. यातून घ्यायचा तो धडा घ्या: फूल छातीवर लावलंत की खिसा बराचसा सुरक्षित राहतो. चांगलं दिसण्याची गरज तिथेच भागते, मग उरलेल्या चांगुलपणाचा आग्रह मन धरत नाही. म्हणून एखादी दुःखद बातमी आली की लगेच मोबाइलवरचं चित्र बदला, रंग बदला, हात जोडा. दरमहा खात्यातून थोडी रक्कम एखाद्या संस्थेला आपोआप जाईल अशी सोय कधीही करू नका. संस्थेतल्या लोकांचे पगार, भाडं, गाडीचं तेल असल्या क्षुद्र गोष्टी त्यातून भागतात, आणि दर महिन्याला तुमचे कुणी आभार मानत नाही. लहान रक्कम सतत गेली की तुमची तुम्हालासुद्धा आठवण राहत नाही, मग उपयोग काय?

रक्तदानाचं मात्र जरा जपून. ते करावं, पण मोठी दुर्घटना घडल्यावर, सगळ्यांबरोबर, रांगेत. रक्ताला मुदत असते हे लोकांना सहसा माहीत नसतं. तांबड्या पेशी जास्तीत जास्त ४२ दिवस टिकतात, आणि बिंबिका म्हणजे प्लेटलेट्स जेमतेम पाच-सात दिवस. २००१च्या सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या मनोऱ्यांवर हल्ला झाला तेव्हा अमेरिकेत लाखो लोक रक्त द्यायला धावले. जखमींसाठी लागल्या त्या काही शे पिशव्या. पुढे मुदत संपली म्हणून हजारो पिशव्या टाकून द्याव्या लागल्या. धावले त्यांच्या मनात खोट नव्हती, त्यांची थट्टा मी करणार नाही. मी फक्त तुम्हाला सावध करतोय: एखाद्या साध्या बुधवारी, काहीही घडलेलं नसताना, रक्तपेढीच्या रिकाम्या बाकावर जाऊन बसणारे काही लोक असतात. तीन-चार महिन्यांनी पुन्हा येतात. त्यांना तिथल्या परिचारिका नावाने ओळखतात. या थराला जाऊ नका.

दुर्घटनेवरून आठवलं. कपाट आवरायची ती उत्तम वेळ. पूर, भूकंप, वादळ, काहीही चालेल. घरातले जुने कपडे गोणीत भरा. फाटके, विटलेले, बटणं तुटलेले, एक पाय हरवलेला मोजा, सगळं. ज्यांचं सर्वस्व गेलं त्यांना आवडनिवड कसली? मदतकार्य करणारे लोक या कपड्यांच्या ढिगांना ‘दुसरी आपत्ती’ म्हणतात. औषधं आणि पाणी उतरवायची जागा गोण्यांनी भरते, निवडायला माणसं लागतात, ती कपडे निवडत बसली की बाकीची कामं अडतात. २००४च्या त्सुनामीनंतर इंडोनेशियाच्या किनाऱ्यावर असेच ढीग पडून कुजले. हे मदतवाले गेली कित्येक वर्षं एकच रडगाणं गातात की आम्हाला पैसे द्या, काय हवं ते आम्ही तिथेच जवळपास विकत घेतो. पण पैसे दिल्याने कपाट रिकामं होत नाही.

अन्न वाया घालवू नये, हे भाषणात सांगायला विसरू नका. २०२२ साली जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं सुमारे साठ टक्के घरांतून गेलं, असं संयुक्त राष्ट्रसंघाच्या पर्यावरण विभागाचं म्हणणं आहे. घर म्हणजे अर्थातच दुसऱ्यांचं.

एक धोका तेवढा समजावून सांगितला पाहिजे, कारण भले भले त्यात सापडतात. तो म्हणजे कायद्यात, नियमांत लक्ष घालणं. १९७१ साली अमेरिकेत दूरदर्शनवर एक जाहिरात फार गाजली. मूळ निवासी वेशातला एक माणूस होडी वल्हवत येतो, काठावरचा कचरा बघतो, आणि त्याच्या डोळ्यांतून एक अश्रू ओघळतो. प्रदूषण माणसंच करतात, माणसंच थांबवू शकतात, असा संदेश. ज्या संस्थेची जाहिरात होती ती १९५३ साली निघाली, आणि तिच्यामागे डबे, बाटल्या, शीतपेयं बनवणाऱ्या कंपन्या होत्या. अश्रू ढाळणारा नटही मूळ निवासी नव्हे, इटालियन आईबापांचा मुलगा. त्याच १९७१ साली त्याच देशातल्या ओरेगन राज्याने एक रुक्ष कायदा केला: बाटलीवर अनामत रक्कम घ्या, रिकामी परत केली की रक्कम परत द्या. रस्त्याकडेच्या बाटल्या कमी झाल्या. असे कायदे इतरत्र येऊ लागले तेव्हा बाटलीवाल्या कंपन्यांनी त्यांना कसून विरोध केला. अश्रूला त्यांचा कधीच विरोध नव्हता. तुम्हीही अश्रूच्या बाजूने राहा. कचरा बघून हळहळा, शेजाऱ्याला दोष द्या, आपल्या भागाचा कचरा नक्की कुठे जातो हे मात्र विचारायला जाऊ नका. त्यासाठी अर्ज करावा लागतो, अर्जाचं उत्तर येत नाही, मग दुसरा अर्ज, मग बैठक, बैठकीला सातजण, त्यातले दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. वर्षं जातात. अशा बैठकांतून कधीकधी खरंच काहीतरी बदलतं, आणि मग त्याचं श्रेय कुणाला, हेही धड सांगता येत नाही.

माझ्यावरही गेल्या वर्षी बाका प्रसंग आला. आमचा एक गट आहे. दर ५ जूनला, म्हणजे जागतिक पर्यावरण दिनाला, आम्ही एका मोकळ्या जागेत दहा झाडं लावतो. सोय अशी की खड्डे पहिल्या वर्षी एकदाच खणलेले आहेत. उन्हाळ्यात रोपं वाळतात, खड्डे राहतात, जूनमध्ये पुन्हा नवी रोपं. सहा वर्षं सुरळीत चाललं होतं. गेल्या वर्षी आम्ही फोटोला उभे राहिलो तेव्हा कडेला एक बाई बादली घेऊन उभ्या होत्या. कुणाच्याच ओळखीच्या नव्हत्या. चौकटीत मध्येच येत होत्या म्हणून फोटो टाकताना तेवढा भाग कापला.

या वर्षी जागा पाहायला गेलो तर दहाच्या दहा खड्डे भरलेले. रोपांभोवती नीट आळी केलेली, कडेने पालापाचोळा पसरलेला, दोन झाडं तर माझ्या खांद्याला लागतील एवढी. आम्ही बराच वेळ नुसते बघत राहिलो. गटात चर्चा झाली. एक जण म्हणाला, त्याच झाडांपाशी उभं राहून फोटो काढू. पण एवढ्या मोठ्या झाडाला लावताना कसं दाखवणार? दुसऱ्याने नवे खड्डे खणायची सूचना मांडली, तेव्हा कुदळ कुणाकडे आहे यावर चर्चा थांबली. त्या बाईंना विचारून बघू असंही निघालं, पण त्यांचं नाव कुणाला माहीत नाही, आणि त्या पहाटेच येऊन जातात म्हणे.

रोपं आणून ठेवली आहेत. पाहुण्यांना बोलावणं गेलंय. दहा रिकामे खड्डे कुठे असतील तर ४ तारखेच्या आत कळवा.