गोमेकॉचा इतिहास १९६३ पासून नाही

तुमचा लेख आवडला, पण त्यात पणजीच्या जुन्या गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज) इमारतीची ओळख 'इफ्फीचं ठिकाण' एवढ्यावरच उरकलीत. इफ्फी हा चित्रपट महोत्सव गोव्यात आला २००४ साली. पोर्तुगिजांनी गोव्यात वैद्यकीय शाळा काढली १८४२ मध्ये, म्हणजे मुंबईचं ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू होण्याच्याही आधी! इथं शिकलेले गोंयकार डॉक्टर मोझांबिक, अंगोलापर्यंत नोकरीला गेले. आफ्रिकेतल्या पोर्तुगीज वसाहतींची आरोग्यसेवा बरीचशी त्यांच्याच जिवावर चालायची, आणि तरी लिस्बनच्या पदवीपुढे त्यांची पदवी दुय्यमच. ही बाजू लेखात यायलाच हवी होती.

मुक्तीनंतर १९६३ मध्ये त्याच शाळेचं गोवा मेडिकल कॉलेज झालं, आणि नव्वदच्या दशकात इस्पितळ बांबोळीला गेलं. त्याआधी आमची आजी या जुन्या इमारतीतच अ‍ॅडमिट होती. तिच्यासाठी आम्ही डिचोलीहून बसनं स्टीलच्या डब्यातून पेज न्यायचो, फडक्यात घट्ट बांधून, तरी पणजी येईस्तोवर थोडी सांडायचीच. आता त्याच खोल्यांत सेरेंडिपिटी कला महोत्सवाची चित्रं लागतात. लागू देत, वास्तू वापरात राहिली हे बरंच झालं. फक्त एखादी खोली त्या वैद्यकीय शाळेच्या इतिहासाला द्या की!