प्रतिक्रियेला उत्तर : रफ टेरेन फोर्कलिफ्ट गाऱ्यात का रुतते?

भाऊ, माझ्या लेखावरची तुमची तक्रार थोडक्यात अशी : टू व्हील ड्राइव्ह (पुढचीच दोन चाकं ओढणारी) रफ टेरेन फोर्कलिफ्ट मशीन जिनिंगच्या आवारात पहिल्याच पावसात रुतलं, तेही रिकामं असताना. टायरची हवा कमी केली, उपयोग शून्य. कापसाच्या गाठींच्या थप्प्यांमधल्या 16 फुटी गल्लीत वळतही नाही. भरलेलं असताना तर चारही चाकं ओढणारं फोर बाय फोरही रुतेल, मग त्याला जास्तीचे पैसे कशाला?

रिकामं रुतलं, यातच अर्धं उत्तर आहे. भार उचलल्यावर एकूण वजनाचा 85-90 टक्के भाग पुढच्या ॲक्सलवर येतो आणि ओढणारी चाकं पुढचीच, म्हणून पकड मिळते. गाठी उतरवल्या की मागच्या काउंटरवेटमुळे (तोल राखायच्या जड वजनामुळे) वजन मागे जातं, पुढची चाकं हलकी होऊन जागच्या जागी फिरतात. फोर बाय फोरचे पैसे वसूल होतात ते या रिकाम्या फेरीत. डिफरन्शियल लॉक (ॲक्सलची दोन्ही चाकं एकत्रच फिरवणारा) मात्र चाक घसरायच्या आधी, मशीन सरळ असताना लावायचा आणि वळण्याआधी काढायचा.

भरलेल्या फेरीबद्दल तुमचं बरोबर आहे, आणि मूळ लेखात हे यायला हवं होतं. ओल्या काळ्या मातीत पुढचं चाक खचतं, मागच्या चाकांवर रेटायला वजनच उरत नाही. त्यात टायरच्या गोट्यांमधल्या खाचांत गारा भरला की टायर गुळगुळीत. रफ टेरेन म्हणजे खडबडीत, पण टणक जमीन. येण्याजाण्याच्या पट्ट्यातली काळी माती फूटभर तरी उकरून सोलिंग (दगडांचा थर) करा, वर मुरूम टाकून पाणी मारून रोलर फिरवा, आणि पाण्याला उतार द्या. नुसता मुरूम पसरला तर दोन पावसांत माती त्याला गिळते.

हवा कमी करायचा ट्रॅक्टरचा उपाय इथे विसरा. दोन्ही बाजूंची हवा कधी सारखी उतरत नाही. चाकांमधलं अंतर 120 सेंमी धरा. एक बाजू 2 सेंमी दबली तर 3 मीटरवरची गाठ 5 सेंमी बाजूला झुकते. मागचा ॲक्सल मधल्या पिनवर झुलतो, त्यामुळे तोल बराचसा पुढच्या दोन चाकांवर आणि त्या पिनवर असतो. म्हणून भार जमिनीपासून 15-30 सेंमीवर, मास्ट (फोर्क वर-खाली करणारा उभा सांगाडा) मागे झुकवून न्या. रॅम्पवर भार नेहमी चढाकडे : चढताना पुढे, उतरताना रिव्हर्स. रॅम्पवर वळायचं नाहीच.

गल्लीचं गणित सोपं आहे. मशीनच्या माहितीपत्रकातली टर्निंग रेडियस, पुढच्या ॲक्सलपासून फोर्कच्या (उचलणाऱ्या काट्यांच्या) पाठीपर्यंतचं अंतर, गाठीची लांबी, आणि 20 सेंमी मोकळी जागा, यांची बेरीज. उदाहरणार्थ 3.6 + 0.5 + 1.0 + 0.2 म्हणजे 5.3 मीटर, जवळपास साडेसतरा फूट. मोठे टायर आले की रेडियस वाढतेच. तुमच्या 16 फुटांत ड्रायव्हर दोन-तीनदा मागेपुढे करणार, आणि स्टेअरिंग मागच्या चाकांना असल्याने शेपूट फिरून बाजूच्या थप्पीला लागणार. एक रांग कमी लावा, गल्ली 18 फूट करा.