सात टक्के शब्द? टाळीतला डावा हात किती टक्के?

परवा ग्रुपवर तो मजकूर पुन्हा फिरत आला. वर्षा-सहा महिन्यांनी एकदा येतोच. थोडक्यात असा : "शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं आहे की संवादात शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के असतो, आवाजाचा ३८ आणि देहबोलीचा ५५ टक्के. म्हणून काय बोलता याला किंमत नाही, कसं बोलता याला आहे. शब्द खोटं बोलतात, शरीर कधीच नाही. आणि मेसेजवर बोलणं म्हणजे संवादच नव्हे." शेवटी अर्थातच 'जरूर पुढे पाठवा'.

हे सगळं निव्वळ शब्दांत लिहिलेलं होतं आणि मला ते पूर्ण कळलं. तिथेच थांबता आलं असतं. पण हेच आकडे प्रशिक्षणवर्गांतल्या स्लाइडवरही दिसतात, म्हणून एकेक दावा घेते.

"शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं आहे"

शास्त्रज्ञ एकच, अल्बर्ट मेहराबियन. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतले मानसशास्त्रज्ञ. १९६७ साली त्यांनी सहकाऱ्यांबरोबर दोन छोटे प्रयोग छापले. पहिल्यात नऊ सुटे इंग्रजी शब्द होते : 'थँक्स'सारखे गोड, 'टेरिबल'सारखे कडू, 'मेबी'सारखे ना इकडचे ना तिकडचे. ते वेगवेगळ्या स्वरांत ध्वनिमुद्रित करून ऐकवले आणि विचारलं, बोलणारीला समोरच्याबद्दल काय वाटत असेल? दुसऱ्यात शब्द एकच, 'मेबी'. तो तीन स्वरांत ऐकवायचा आणि सोबत चेहऱ्याचा फोटो दाखवायचा.

शब्द, स्वर आणि चेहरा हे तिन्ही एकत्र एकाही प्रयोगात मोजलेले नाहीत. एका प्रयोगातून शब्द विरुद्ध स्वर, दुसऱ्यातून स्वर विरुद्ध चेहरा, आणि दोन्ही निकाल जोडून ७-३८-५५ हे सूत्र. तेही कशाचं? एखाद्याच्या बोलण्यातून त्याची आवड-नावड किती जाणवते, याचं. 'संवादाचं' नव्हे.

बरं, ५५ टक्के देहबोलीला दिले कोणी? फोटोत फक्त चेहरा होता. हात, खांदे, उभं राहण्याची ढब यांतलं काहीच प्रयोगात नव्हतं. आणि 'मेबी' हा शब्द निवडला तो त्यातून कसलीच भावना कळू नये म्हणूनच. पैलवानाचे हात बांधून त्याला आखाड्यात उतरवायचं आणि मग म्हणायचं, याच्यात दम नाही! मेहराबियन यांनी स्वतः आपल्या संकेतस्थळावर लिहून ठेवलंय की माणूस आपल्या भावनांबद्दल किंवा आवडीनिवडीबद्दल बोलत नसेल, तर ही समीकरणं लागू होत नाहीत. हे वाक्य मात्र कोणी पुढे पाठवत नाही.

"काय बोलता याला किंमत नाही"

एक वाक्य घ्या : "अर्धी गोळी, दिवसातून दोनदा, पण ताप उतरला असेल तर नको." आता हे शब्दांविना सांगून बघा. मी आरशासमोर बघितलंय. 'अर्धी' बोटांनी जमते. 'दोनदा' जमतं, पण दिवसातून की तासातून, इथे गाडी अडते. 'ताप' कपाळावर हात ठेवून भागतो. 'उतरला असेल तर' आलं की हात हवेतच राहतात. जे अजून घडलेलं नाही, घडेल की नाही माहीत नाही, पण घडलंच तर, हे दाखवायला चेहऱ्यावर कोणता स्नायू आहे? आणि त्यापुढचा 'नको'? मान हलवली तर कशाला नको? तापाला, गोळीला की तुम्हाला? काल, उद्या, जर-तर, संख्या, नकार ही कामं भाषेची. तिथे भुवया उडवून भागत नाही, आणि चूक झाली तर रोगी दुप्पट गोळ्या घेतो.

शब्दही जाऊ द्या, एक अक्षर घ्या. 'मी सांगितलं.' 'मीच सांगितलं.' 'मी सांगितलंच.' 'मीही सांगितलं.' पहिलं नुसती माहिती देतं. दुसऱ्यात दुसरं कोणी नव्हतं. तिसऱ्यात राहवलं नाही. चौथ्यात सांगणारे आणखी होते. कागदावर, बिनआवाजाचं, बिनचेहऱ्याचं वाचतानाही तुम्हाला हे चारही वेगळे कळले.

आता दुसरी बाजूही खरी. 'बरं' तुटक म्हटलं तर होकार, प्रश्नार्थक म्हटलं तर 'पुढे बोल', आणि दात आवळून लांबवलं तर 'बघून घेतो'. आवाज अर्थ फिरवतो, कोण नाकारतंय? पण तो 'बरं' कोणत्या वाक्याला उत्तर म्हणून आला, हे कळल्याशिवाय ती धमकीसुद्धा धमकी होत नाही. शब्द, स्वर, चेहरा हे एकमेकांच्या आधारानेच चालतात, त्यांची टक्केवारी काढणं म्हणजे टाळीतला डाव्या हाताचा वाटा विचारणं.

ओघात एक : मूकबधिरांची खुणांची भाषा म्हणजे 'देहबोली' नव्हे. तिला शब्द आहेत, व्याकरण आहे, नकार आणि जर-तरही आहे. भाषाशास्त्रज्ञ विल्यम स्टोकी यांनी अमेरिकन खूणभाषेबद्दल हे १९६० मध्येच दाखवायला सुरुवात केली.

"शरीर कधीच खोटं बोलत नाही"

मग खोटं पकडणं सोपं असायला हवं. २००६ मध्ये बाँड आणि डीपॉलो या मानसशास्त्रज्ञांनी आधी झालेल्या ढीगभर अभ्यासांचा एकत्र हिशेब केला. बघून-ऐकून खरं-खोटं ओळखताना लोकांचा अंदाज सरासरी ५४ टक्के वेळा बरोबर येतो. नाणं उडवलं तर ५० टक्के येतो. अवघड प्रश्नाचं उत्तर शोधताना प्रामाणिक माणूसही नजर दुसरीकडे वळवतो. हाताची घडी घालणाऱ्याला कदाचित नुसतीच थंडी वाजत असते.

"मेसेजवर संवाद होत नाही"

यात थोडं तथ्य आहे, पण कारण वेगळं. १९९० मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन यांनी काहींना ओळखीच्या गाण्यांचा ताल टेबलावर बोटांनी वाजवायला सांगितला आणि ऐकणाऱ्यांना गाणं ओळखायला. वाजवणाऱ्यांना वाटलं, निम्मी तरी ओळखतील. १२० पैकी ओळखली गेली ३. वाजवणाऱ्याच्या डोक्यात पूर्ण गाणं चालू असतं, समोरच्याला नुसती टकटक ऐकू येते. मेसेज लिहितानाही तेच होतं. आपला टोमणा आपल्याला आपल्याच आवाजात ऐकू येतो, वाचणाऱ्याला येत नाही. पण ही चूक समोरासमोर बसूनही होते.

फरक इतकाच की समोर असताना ती लगेच दुरुस्त होते. २०१५ मध्ये भाषाशास्त्रज्ञ डिंगेमान्से आणि सहकाऱ्यांनी १२ भाषांमधल्या रोजच्या गप्पा तपासल्या, त्यांत एक खूणभाषाही होती. साधारण दर दीड मिनिटाला कोणीतरी 'हं?', 'कोण?', 'म्हणजे उद्या ना?' असं काहीतरी विचारतं आणि गाडी पुन्हा रुळावर येते. मेसेजवर आपण विचारत नाही, गृहीत धरतो आणि दोन दिवस फुगून बसतो.

मी मात्र या वेळी विचारलं. ग्रुपवर लिहिलं, "कोणत्या शास्त्रज्ञांनी, कधी?" पाठवणाऱ्या काकांनी उत्तरादाखल नुसता अंगठा टाकला. तो 'चांगला प्रश्न' म्हणून होता, 'वाचलं' म्हणून होता की 'आता पुरे' म्हणून, हे मला अजून कळलेलं नाही.