‘शिकवलं की माणूस पळतो’ : काजू कारखान्यांपुरतं तरी हे खरं नाही

व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर बराच फिरतोय. त्याचं सार असं : कामगार तयार करणं हे आयटीआयचं काम, कारखानदाराने शिकवलं तर माणूस पळतो, शिकवणं छोट्यांना परवडत नाही, आणि कोकणातल्या पोरांना काम नकोच असतं. सिंधुदुर्ग-रत्नागिरीतले काजू कारखाने समोर ठेवून हे तपासू.

आयटीआयने तयार माणूस द्यावा. आयटीआयमधून फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन मिळतात. काजू कापणं, म्हणजे दांड्याच्या यंत्रावर दोन पात्यांमध्ये बी धरून टरफल चिरणं आणि आतला गर काढणं, मात्र पात्यासमोर बसूनच येतं. वाफवलेली बी पुरती गार झाल्याशिवाय कापायची नाही. मऊ असताना कापली तर गर चिरतो. त्याआधी ती आकाराप्रमाणे चाळून घ्यायची, कारण पात्यांमधलं अंतर एकाच आकाराला लावलेलं असतं. मोठी बी आली की पातं गरात रुततं. लहान आली की टरफल अर्धवट चिरतं, मग दांडा जोराने पिळला जातो आणि गर दुभंगतो. पुढे ड्रायरमध्ये 70 अंशांच्या आसपास सहा ते आठ तास. गर फार सुकला तर वरची पातळ साल सोलताना मोडतो.

म्हणून नवख्या बाईला ‘तुकडा का पडला’ असं नुसतं विचारून भागत नाही. तुकडा हातात घेऊन दाखवावं लागतं : कड सरळ असून टरफलाच्या तेलाने काळवंडली असेल तर चूक पात्यावर झाली, कड पांढरी, खडबडीत असेल तर सोलताना. हे तिला कारखान्याबाहेर कोण दाखवणार?

शिकवलं की पळतात. बहुतेक जणी शिकून झाल्यावर जात नाहीत, शिकण्याआधीच जातात. पहिल्या दिवसापासून किलोवर मजुरी लावली की हात बसेपर्यंत हाती काहीच पडत नाही. त्यात हाताला तेल न लावता बसवलं तर टरफलाच्या तेलाने कातडी सोलवटते. पहिले चार-सहा आठवडे ठरलेला रोज द्या, आधी चाळणी आणि सोलणी, मग एकाच आकाराची बी कापायला द्या. गळती तिथेच कमी होते.

परवडत नाही. हिशेब करू. दिवसाला 500 किलो बी, त्यातून साधारण 125 किलो गर. अख्खा गर 70 टक्क्यांवरून 80 टक्क्यांवर गेला तर रोज साडेबारा किलो जास्त अख्खा माल. अख्खा आणि तुकडा यांच्या भावात किलोमागे 200 रुपयांचा फरक धरला, तर रोजचे 2,500 रुपये. शिकवणाऱ्या जाणत्या बाईचा रोज त्यातून सहज निघतो.

शिवाय 1961 चा शिकाऊ उमेदवार कायदा आहेच. 30 किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला शिकाऊ घेणं बंधनकारक आहे, आणि 4 ते 29 माणसांच्या कारखान्यालाही ते घेता येतात. छोट्यांसाठी हे दार उघडं आहे हे फार कमी जणांना माहीत असतं, याचं वाईट वाटतं. 2016 पासूनच्या केंद्राच्या योजनेत विद्यावेतनाचा 25 टक्के भाग, महिना 1,500 रुपयांपर्यंत, सरकार उचलतं.

पोरांना काम नको. काजू कारखान्यांत कापायला-सोलायला बसतात त्या मुख्यतः बायका, त्यामुळे पोरांवरचा राग इथे गैरलागू आहे. स्थानिक बी येते फेब्रुवारी ते मे. त्यानंतर कारखाना बंद ठेवला, तर हात बसलेली बाई जूनमध्ये भातलावणीला जाते आणि पुढच्या सीझनला दुसरीला पुन्हा पहिल्यापासून शिकवावं लागतं. बी उन्हात 8-9 टक्के ओलाव्यापर्यंत सुकवून कोरड्या जागी लाकडी फळ्यांवर पोती रचली, तर पावसातही काम चालू ठेवता येतं. ओलसर बी साठवली तर तिला बुरशी येते आणि गर काळा पडतो.