फॉर्मलिनमधल्या मेंदूचा एमआरआय म्हणजे ‘पैसे पाण्यात’?

बेळगाव, खानापूर, निपाणीच्या ग्रुपांवर देहदानाचा विषय निघाला की एक मेसेज हमखास येऊन पडतो. मेलेल्या पेशीतून एमआरआयला सिग्नल मिळत नाही, फॉर्मलिनमुळे (म्हणजे नमुना टिकवणाऱ्या फॉर्मल्डिहाइडच्या द्रावणामुळे) चित्र धूसरच येतं, बारीक तपशील हवा तर ७ टेस्लाचं (टेस्ला हे चुंबकाच्या ताकदीचं एकक) मशीनच लागतं, नमुना आधी सुकवून घ्यावा. शेवटी टोला: मग देह देऊन उपयोग काय?

पहिला मुद्दा दोन ओळींत निकालात निघतो. एमआरआय जीव शोधत नाही, हायड्रोजनचे प्रोटॉन शोधतो. बरणीतल्या मेंदूत पाणी भरपूर, म्हणजे प्रोटॉनही भरपूर.

फॉर्मलिनचं म्हणणं अर्धं खरं आहे. त्यामुळे ऊतींचा टी१ (सिग्नल पुन्हा भरून यायला लागणारा वेळ) आणि टी२ (सिग्नल विझायला लागणारा वेळ) दोन्ही घटतात. टी२ घटला की सिग्नल लवकर विझतो. पण यातला बराच दोष आत मुरलेल्या मोकळ्या फॉर्मल्डिहाइडचा. नमुना फॉस्फेट बफर सलाइनमध्ये, म्हणजे एका सौम्य खारट द्रावणात, द्रव बदलत, भिजत ठेवला की टी२ बराचसा सावरतो. अख्ख्या मेंदूला यासाठी आठवडे लागतात. बरणीतून काढून थेट मशीनमध्ये घातला तर धूसर येणारच की!

दुसरा खरा चोर म्हणजे बुडबुडे. मेंदूच्या वळ्यांत अडकलेली हवा भोवतालचं चुंबकक्षेत्र बिघडवते आणि चित्रात बुडबुड्याहून मोठा काळा खड्डा पडतो. त्याचं खापरही फॉर्मलिनवरच फुटतं. नमुना द्रवात बुडवून, हळूहळू फिरवत, सौम्य निर्वात लावून हवा काढायची. स्कॅनला फोम्ब्लिनसारखा हायड्रोजन नसलेला द्रव वापरला तर पार्श्वभूमी काळी राहते. महाग आहे, हे कबूल.

टेस्ला वाढले की सिग्नल वाढतो, हे कोण नाकारतंय? पण १ मिमीऐवजी ०.१ मिमी बाजूचा घन घेतला की आकारमान १००० पट घटतं, सिग्नलही तेवढाच. ३ वरून ७ टेस्लावर जाऊन ही तूट भरत नाही. नमुना मात्र श्वास घेत नाही, हलत नाही, म्हणून हवा तेवढा वेळ देता येतो. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या गटाने अख्ख्या मेंदूचं १०० मायक्रॉनचं (०.१ मिमी) चित्र प्रसिद्ध केलं, ते ७ टेस्लावरच, पण स्कॅन सुमारे १०० तास चालला होता. ३ टेस्लावर नमुन्याच्या जवळ बसणारी कॉइल (सिग्नल पकडणारा अँटेना) आणि रात्रभराचा वेळ मिळाला तरी अर्ध्या मिलिमीटरच्या खाली जाता येतं. आपल्याकडे अडतं ते मशीनच्या वेळेवर. दिवसभर बाहेर पेशंटची रांग असते.

आणि सुकवायचं? पाणीच गेलं तर एमआरआयला उरलं काय! वाळलेल्या हाडाला सीटी करा.