मागच्या गेटची चावी कुणाकडं होती?

बरेच दिवस लिहू लिहू म्हणत होतो, आज रविवार आहे, बसलोच. विषय फुटबॉलचा आहे, पण खेळणाऱ्यांचा नाही, बघणाऱ्यांचा. लांबलंय थोडं, पण मॅचला जाणाऱ्यांनी आणि मॅच भरवणाऱ्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

गेल्या जानेवारीत मिरजेच्या बाजूला एका टूर्नामेंटची सेमीफायनल होती. मैदानाचं आणि मंडळाचं नाव घेत नाही, कारण ती पोरं आपलीच आहेत, पदरचे पैसे घालून स्पर्धा भरवतात, आणि तिथं जे झालं ते आपल्याकडच्या कुठल्याही मैदानावर होऊ शकतं. मी, अण्णा आणि माझी पोरगी असे तिघं गेलो होतो. अण्णा 72 वर्षांचे, गुडघा धरलाय तरी मॅच चुकवत नाहीत, एकेकाळी सायकलवर कोल्हापूरला शाहू स्टेडियमला मॅच बघायला गेलेला माणूस. पोरगी चौथीत आहे, शाळेच्या टीममधी गोलकीपर.

मैदान म्हणजे आपलं नेहमीचं. एका बाजूला सिमेंटच्या चार पायऱ्या, समोर मंडपवाल्याकडनं बांधून घेतलेली बांबूची गॅलरी, दोन्ही गोलच्या मागं नुसती माणसं उभी. आदल्या वर्षी मॅच सुटल्यावर दोन टीमच्या सपोर्टरांची मारामारी झालेली, पोरं मैदानात घुसलेली, म्हणून ह्यावेळी परवानगीतच अट आली की मैदानाला चारी बाजूनं जाळी पाहिजे. मंडळानं लोखंडी जाळी मारली, माझ्या डोक्याच्या वर जाणारी, खांबाला तारेनं आवळून, आणि मधे कुठंही दार नाही. फुकट कुणी घुसू नये म्हणून मागचं गेट कुलूप लावून बंद. आत यायला आणि बाहेर जायला पुढचं एकच गेट, त्याची पण एकच झडप उघडी, कारण दुसरीला टेकून तिकीटवाला टेबल टाकून बसलेला.

नव्वद मिनिटं काय झालं नाही. मॅच टायब्रेकरला गेली आणि सगळं मैदान एका गोलच्या मागं पळत सुटलं. आपण सगळेच पळतो, पेनल्टी जवळनं बघायची असते. पोरगी आधीच जाळीला चिकटून उभी होती, तिला गोलकीपर कुठल्या बाजूला झेप घेतो ते बघायचं होतं. पहिल्या दोन किकला मजा आली, हलगी वाजत होती, तिसऱ्या किकला मागनं एक लोंढा आला आणि माझे हात वरच्या वर अडकले. ज्यांनी हे अनुभवलंय त्यांनाच कळंल, धक्का बसत नाही, दाब येतो, सगळीकडनं सारखा, आणि पाय जमिनीवर आहेत का नाहीत ते समजत नाही. पोरगीचा आवाज येत होता पण ती दिसत नव्हती. मागच्यांना वाटत होतं पुढचे आनंदानं ओरडायलेत, म्हणून ते अजून पुढं सरकत होते.

कुणीतरी ओरडलं मागचं गेट उघडा. गेट आमच्यापासनं वीस पावलांवर होतं. चावी ज्याच्याकडं होती तो चहाला गेलेला.

शेवटी मैदानातल्या गोलकीपरच्या लक्षात आलं, त्यानं किक थांबवायला लावली, आणि आतनं दोन पोरांनी पक्कड घेऊन जाळीची तार तोडली. जाळी वाकवून आम्ही मैदानात पडलो, अक्षरशः पडलो. तेवढ्यात दोन स्वयंसेवक शिट्ट्या फुंकत आले आणि आम्हाला परत मागं ढकलायला लागले, त्यांना वाटलं पब्लिक घुसलं. त्यांची चूक म्हणत नाही, त्यांना सकाळपासनं एवढंच सांगितलेलं, कुणाला आत येऊ द्यायचं नाही. एका कॉलेजच्या पोराचा हात मोडला, दोघंतिघं चक्कर येऊन पडले. अण्णा पायऱ्यांवरच बसून राहिले होते गुडघ्यामुळं, ते वाचले. पोरगीला उचलली तेव्हा तिच्या डाव्या गालावर जाळीचे चौकोन उमटलेले, एकाखाली एक, लाल. घरी आल्यावर तिच्या आईनं खोबरेल लावलं, तरी रात्री जेवताना दिसत होते.

कुणी मेलं नाही म्हणून बातमी झाली नाही. मॅच पंधरा मिनिटांनी परत सुरू झाली.

त्या रात्रीपासनं माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळत राहिली, की आपल्याकडं बंदोबस्त आणि सुरक्षा ह्या दोन गोष्टी एकच समजल्या जातात. बंदोबस्त म्हणजे प्रेक्षकांपासून मैदान वाचवायचं. सुरक्षा म्हणजे प्रेक्षकाला वाचवायचं. आमच्या मैदानाला जी जाळी लागली ती बंदोबस्ताची होती, आणि त्याच जाळीनं माझी पोरगी चेपली असती.

हे काय आपल्याच नशिबी आलंय असं नाही. इंग्लंडमधी 15 एप्रिल 1989 ला शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्टची सेमीफायनल होती, तिथं असंच झालं. दंगेखोर मैदानात घुसू नयेत म्हणून उभ्या प्रेक्षकांसमोर उंच जाळ्या मारलेल्या, मागनं लोक येत राहिले आणि पुढचे जाळीवर चेपले. पोलिसांना आधी वाटलं पब्लिक मैदानात घुसतंय. 97 माणसं गेली, लहान पोरं पण होती त्यात. वर दोष प्रेक्षकांनाच दिला, दारू पिऊन आले, दंगा केला म्हणून. त्यांच्या घरच्यांना 27 वर्षं भांडावं लागलं, तेव्हा कुठं 2016 ला ज्युरीनं सांगितलं की प्रेक्षकांचा दोष नव्हता. ही गोष्ट मी ऐकून होतो, पण गालावरचे चौकोन बघितल्यावर ती मला खऱ्या अर्थानं कळली.

त्याच्या आधी चार वर्षं, 11 मे 1985, इंग्लंडमधलंच ब्रॅडफर्ड. ही तर अगदी आपल्यासारख्या मैदानाची गोष्ट आहे. मोठा क्लब नव्हे, तिसऱ्या डिव्हिजनचा, आणि त्या दिवशी तर डिव्हिजन जिंकल्याचा आनंद साजरा करायला लोक बायकापोरांसकट आलेले. गॅलरी जुनी, लाकडाची, खाली वर्षानुवर्षांचा कचरा साठलेला. आग लागली आणि चारपाच मिनिटांत सगळी गॅलरी पेटली. जे मागच्या दाराकडं पळाले त्यांना दारं बंद मिळाली. 56 लोक गेले. जे पुढं मैदानाकडं पळाले त्यातले बहुतेक वाचले, कारण त्या बाजूला जाळी नव्हती. एकदा परत वाचा हे. मागचं दार बंद होतं म्हणून माणसं गेली आणि पुढं जाळी नव्हती म्हणून माणसं वाचली.

ह्यानंतर 1987 ला त्यांनी कायदा केला. मोठ्या स्टेडियमसाठी 1975 चा कायदा आधीच होता, नवीन कायद्यात छोटी मैदानं आली. 500 किंवा जास्त माणसं मावतील अशी छपराची गॅलरी असंल तर तिथल्या कौन्सिलचं सर्टिफिकेट पाहिजे, मग क्लब कितीही बारका असू दे. मला ह्यातलं काय आवडलं सांगू का, बाहेर पडायची दारं कमी पडत असतील तर मॅच बंद करत नाहीत, प्रेक्षकांचा आकडा कमी करतात. दार वाढवलं की आकडा वाढतो. आणि हिल्सबरोनंतर वरच्या दोन डिव्हिजनला सगळ्यांना खुर्च्या सक्तीच्या केल्या, पण खालच्या छोट्या क्लबांना उभं राहून मॅच बघायला परवानगी ठेवली. म्हणजे मैदान बघून नियम.

मी बांधकाम साईटवर सुपरवायझर आहे, टेप कायम खिशात असतो. पुढच्या आठवड्यात मी त्या मैदानावर गेलो आणि गेट मोजलं. दोन्ही झडपा मिळून 3 मीटर, एकच उघडी म्हणजे दीड. इंग्लंडमधी मैदानांसाठी ग्रीन गाईड म्हणून पुस्तक आहे, त्यातला हिशोब असा की सपाट जमिनीवर एक मीटर रुंदीच्या दारातनं मिनिटाला 82 माणसं बाहेर पडतात, आणि सगळं मैदान साधारण आठ मिनिटांत रिकामं झालं पाहिजे. आता करा गुणाकार. दीड मीटरमधनं मिनिटाला 123. त्या दिवशी अंदाजे 3000 पब्लिक होतं, म्हणजे बाहेर पडायला 24 मिनिटं. ब्रॅडफर्डची गॅलरी पाच मिनिटांत पेटली होती. तेच पुढचं गेट पूर्ण उघडलं आणि मागचं 3 मीटरचं गेट उघडलं तर 3000 माणूस सहा मिनिटांत बाहेर. खर्च किती आला? टेबल दोन पावलं सरकवायचं आणि एक कुलूप काढायचं.

परवानगीचं पत्र पण मी मंडळाच्या पोरांकडनं मागून बघितलं. अटींची लांबलचक यादी आहे, स्पीकरची वेळ, सीसीटीव्ही, ओळखपत्र लावलेले स्वयंसेवक, काय झालं तर सर्वस्वी जबाबदारी आयोजकांची. गेटांबद्दल एक ओळ नाही. किती माणसं आत घ्यायची, आकडा नाही. बांबूच्या गॅलरीचा उल्लेख नाही. पोरं आठ दिवस ह्या ऑफिसातनं त्या ऑफिसात फिरली, पण मैदान बघायला एकही माणूस आला नाही, कागदच कागदाला भेटला.

बांबूच्या गॅलरीचं तर मला साईटवरच्या अनुभवानं सांगायचंय. तीनशे माणूस बसला, सरासरी 60 किलो धरा, 18 टन वजन झालं. बसलेलं वजन बांबू पेलतो. पण गोल झाला की तीनशे माणूस एकदम उठतो, उडी मारतो आणि एकाच बाजूला झुकतो, तेव्हा गॅलरी खाली दबून मोडत नाही, आडवी होते, पत्त्यासारखी. तिला धरून ठेवतात ते तिरके बांबू, आणि मंडपवाला घाईत असला की नेमके तेच कमी मारतो, कारण ते दिसत नाहीत. केरळमधी सेव्हन्स फुटबॉल, म्हणजे सात-सात खेळाडूंचं, त्याला आपल्याकडच्या कुस्तीच्या फडासारखी गर्दी, तिथं जानेवारी 2020 ला पालक्काडला गॅलरी पडली, तीसुद्धा खेळता खेळता मैदानावर कोसळून गेलेल्या आर. धनराजन ह्या खेळाडूच्या घरच्यांना मदत म्हणून ठेवलेल्या मॅचला. मार्च 2022 ला मलप्पुरम जिल्ह्यात परत तेच, शेदोनशे लोक जखमी. फेब्रुवारी 2025 ला त्याच जिल्ह्यात अरीकोडजवळ फायनलच्या आधी लावलेले फटाके प्रेक्षकांत घुसले. आपण फटाके कुठं लावतो? गोलच्या मागं, पब्लिकच्या पायात.

मंडळातले एक काका मला म्हणाले, "अरे एवढी वर्षं झाली, कधी काय झालं नाही." काका वडीलधारे आहेत, त्यांनी आयुष्य घातलंय फुटबॉलमधी, मी त्यांना उलट बोललो नाही. पण मांढरदेवीची जत्रा पण वर्षानुवर्षं भरत होती की. 25 जानेवारी 2005, आपल्या शेजारच्या साताऱ्यात, नारळाच्या पाण्यानं निसरड्या झालेल्या पायऱ्या, अरुंद वाट, खालनं येणारा लोंढा, आणि त्यात दुकानांना आग. जवळपास 300 माणसं गेली. आमच्या गल्लीतनं पण गाडी करून गेलेले लोक होते, ते परत येईपर्यंत घरातल्यांनी काय काढलंय ते मी बघितलंय. तेव्हा मोबाईल सगळ्यांकडं नव्हते.

आता ह्या वर्षीचं ऐका, ज्याच्यासाठी मी लिहायला बसलो. हात मोडल्याची गोष्ट वरपर्यंत गेली, आणि ह्यावेळी मंडळ परवानगीला गेल्यावर उत्तर मिळालं, खेळवायचं तर प्रेक्षकांविना खेळवा. म्हणजे गेल्या वर्षी जाळी, ह्या वर्षी थेट बंदी. मधला रस्ता कुणाला सुचतच नाही. ज्या पेठेतली पोरं खेळणार त्यांच्या आयांनी, भावंडांनी बघायचं नाही? भडंगवाल्या मावशी वर्षातनं ह्या पंधरा दिवसांची वाट बघतात, त्यांनी काय करायचं? अण्णांना सांगितलं तर काय बोलले नाहीत, टीव्ही लावून बसले, आणि टीव्हीकडं त्यांचं लक्ष नव्हतं. आणि बंदी घातल्यावर लोक घरी बसतात का? भिंतीवर चढतात, झाडावर चढतात, शेजारच्या पत्र्यावर चढतात. चौकट मोडून बघणाऱ्याला वाचवायला कुठलाच नियम नसतो.

मी नियमांच्या विरोधात नाही. उलट मला अजून नियम पाहिजेत, पण मैदानात पाय ठेवून केलेले. जाळी नकोच, कमरेएवढी रेलिंग ठेवा, आणि पोरं घुसतील ही भीती असंल तर तिथं माणसं उभी करा, माणूस बाजूला होऊ शकतो, जाळी होत नाही. जाळी पाहिजेच असंल तर तिला आत मैदानाकडं उघडणारी दारं ठेवा, बिनकुलपाची. मॅच सुरू असताना एकही गेट कुलूपबंद नको, तिकीटचोर चार आत आले तर येऊ देत. गॅलरीवर किती माणूस बसणार तो आकडा बोर्डावर लिहा आणि सकाळी एखाद्या इंजिनिअरनं हलवून बघून सही करू दे, सांगलीत एवढी इंजिनिअरिंगची पोरं शिकतायत, एक दिवस येतील की. टायब्रेकर लागला तर माईकवरनं सांगा जागा सोडू नका, आणि गोलच्या मागं आधीच दोर बांधून ठेवा. बायका आणि बारक्या पोरांची जागा गेटाजवळ ठेवा, कोपऱ्यात नको, आत्ता त्यांना सगळ्यात आत कोंबतात.

मंडळाच्या पोरांबरोबर बसून आम्ही मैदानाचा नकाशा काढलाय, गेटांची मापं, आकडा, कोण कुठं उभा राहणार, सगळं. 1500 च्या वर एक माणूस आत घ्यायचा नाही असं पोरांनी स्वतःहून लिहिलंय, तिकिटाचं नुकसान सोसून. मंगळवारी सकाळी अकराला तो घेऊन परत परवानगीला जाणार आहोत. अण्णा पण येतो म्हणालेत.

परवानगी मिळाली तर मागच्या गेटवर मी स्वतः उभा राहणार आहे, पहिल्या मॅचपासनं फायनलपर्यंत, पाठ मैदानाकडं करून. पुढच्या गेटला दोन आणि गॅलरीखाली दोन माणसं अजून पाहिजेत. मॅच बघायला मिळणार नाही हे आधीच सांगतो. ज्यांना जमंल त्यांनी मंगळवारच्या आत मला सांगा, यादीत नावं घालायची आहेत.