‘गरज असती तर गोळी विसरला नसतास’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

आईच्या भिशीच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड आलाय. ‘एडीएचडीच्या गोळ्या : डॉक्टर सांगणार नाहीत ते सत्य.’ एडीएचडी म्हणजे लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं अवघड करणारा आजार. फॉरवर्डखाली कुणाचं नाव नाही, नुसतं ‘जनहितार्थ’. दोन दिवसांत तोच मजकूर कसबा बावड्याच्या मावशीकडून आणि राजारामपुरीच्या आत्याकडूनही आला. मी तो सोडून दिला असता. पण माझ्या धाकट्या भावाला एडीएचडी आहे, त्याची गोळी चालू आहे. आईनं तो रात्री जेवताना त्याला वाचून दाखवला आणि वर म्हणाली, “बघ की, मी बीपीची गोळी कधी इसरलो काय? तुला खरंच लागत असती तर तूबी इसरला नसतास.” तो काही बोलला नाही. ताटावरून उठला. पुढचे चार दिवस त्यानं गोळीला हात लावला नाही.

तो शिरोली एमआयडीसीत सीएनसी मशिनवर असतो. चौथ्या दिवशी ऑफसेट, म्हणजे मशिनला द्यायचा हत्याराच्या मापाचा आकडा, टाकायचा राहिला आणि टूल मोडलं. गोळी नव्हती म्हणूनच ते झालं असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण त्या रात्री तो म्हणाला, “मी मुळातच बेजबाबदार आहे गं ताई, गोळीचं नाव कशाला सांगायचं.” हे वाक्य त्याच्या तोंडी त्या फॉरवर्डनं घातलं. म्हणून हे लिहिते आहे.

फॉरवर्डचं म्हणणं थोडक्यात असं : खरी गरज असलेली गोळी माणूस विसरत नाही. २१ दिवस निश्चयानं घेतली की सवय लागते, नाही लागली तर दोष इच्छाशक्तीचा. एक दिवस चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घ्याव्यात. अलार्म आणि डब्या या कुबड्या आहेत. ही नशेची गोळी आहे, म्हणून रविवारी सुट्टी द्यावी. आणि शेवटी, बदाम व ब्राह्मी पुरे.

पहिल्या मुद्द्यापासूनच सगळं नासलेलं आहे. अमेरिकन सायकिॲट्रिक असोसिएशनच्या ज्या निकषांवर एडीएचडीचं निदान होतं, त्यात अवधानाच्या बाजूची नऊ लक्षणं दिली आहेत. त्यातलं नववं लक्षण म्हणजे रोजच्या कामांत वारंवार विसरणं. मोठ्या माणसांसाठी उदाहरणंही दिली आहेत : बिलं भरणं, उलट फोन करणं, ठरलेल्या भेटीला जाणं. म्हणजे विसरणं हे आजाराचं लक्षण, आणि हा फॉरवर्ड तेच लक्षण आजार नसल्याचा पुरावा म्हणून पुढे करतो. खोकला येतो म्हणून छातीला काही झालेलं नाही, असं आपण कुणाला सांगतो का?

आमच्या घरात हे विसरणं कसं होतं तेही सांगते. गोळी घ्यायची आहे हे त्याला पक्कं माहीत असतं. विचाराल तेव्हा नाव, ताकद, वेळ बिनचूक सांगेल. सकाळी पट्टी हातात घेतो आणि पाण्याला स्वयंपाकघरात जातो. तिथं दूध उतू चाललेलं असतं, तो गॅस बंद करतो. तेवढ्यात फोन वाजतो. पट्टी फ्रिजवर राहते आणि तो गाडीला किक मारून गेलेला असतो. माहिती डोक्यात होती, पण ती ऐन क्षणी वर आली नाही. एडीएचडीमध्ये नेमकी हीच जागा कच्ची असते.

त्यात या गोळीचा स्वतःचा एक पेच आहे. मिथाइलफेनिडेट हे एडीएचडीचं नेहमीचं औषध. साधी गोळी तीन-चार तास काम करते, हळूहळू सुटणारी आठ ते बारा तास. म्हणजे काल सकाळी घेतलेली गोळी आज सकाळी उरलेली नसते. ज्या क्षणी आठवण ठेवायची असते, त्याच क्षणी आठवणीला मदत करणारं औषध अंगात नसतं. काडेपेटी अंधारातच शोधावी लागते. आईच्या बीपीच्या गोळीशी याची तुलना करणं म्हणूनच चूक आहे. बीपीनं आईच्या आठवणीला धक्का लावलेला नाही.

आणि गरजेची गोळी माणूस विसरत नाही हे बीपीवाल्यांच्या बाबतीतही खोटं आहे. जागतिक आरोग्य संघटनेचा २००३ चा अहवाल सांगतो की दीर्घकाळच्या आजारांत विकसित देशांतही सरासरी निम्मेच रुग्ण उपचार सांगितल्याप्रमाणे घेतात. त्या उरलेल्या निम्म्यांना औषधाची गरजच नव्हती, असं म्हणणार का?

आता तिसरा मुद्दा, कारण तो धोक्याचा आहे. चुकलेली गोळी दुसऱ्या दिवशी भरून काढायची नसते. ती गेली ती गेली. पुढची गोळी नेहमीच्या वेळी, नेहमीइतकीच. दुप्पट मिथाइलफेनिडेटनं छाती धडधडते, रक्तदाब चढतो, जीव घाबरा होतो. दुपार उलटल्यावर ‘आता आठवली’ म्हणून घेतली तर झोप जाते आणि दुसरी सकाळ आणखी बिघडते. ॲटोमॉक्सेटीन हे एडीएचडीचं दुसरं औषध असेल तर त्याच दिवशी आठवल्यावर घेता येते, पण चोवीस तासांत ठरलेल्या मात्रेपेक्षा जास्त कधीच नाही. आणि एडीएचडीवाल्याच्या घरात दुप्पट गोळी मुद्दाम घ्यावी लागत नाही, चुकूनही जाते. संध्याकाळी विचारलं, “घेतलीस का?” तर त्याला खरोखर सांगता येत नाही. घेतली की नाही याची खात्री नसेल, तर घ्यायची नाही. हा नियम आम्ही कपाटाच्या दारावर लिहून चिकटवलाय.

याच कारणासाठी सात खणांची डबी लागते, जिला हा फॉरवर्ड कुबडी म्हणतो. मंगळवारचा खण रिकामा दिसला की प्रश्न मिटला. ब्रिटनमध्ये उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणारी नाइस ही संस्था आहे. तिच्या एडीएचडीवरच्या २०१८ च्या दस्तऐवजात औषध नियमित घेण्यावर वेगळा भाग आहे. त्यात डॉक्टरांनाच बजावलं आहे की या आजाराच्या लक्षणांमुळेच उपचार पाळणं कठीण जाऊ शकतं, अगदी औषध मागवणं आणि जाऊन आणणंसुद्धा. पुढे उपाय दिले आहेत : अलार्म, ॲप, घड्याळ, गोळ्यांची डबी, कॅलेंडरवर किंवा फ्रिजवर चिठ्ठी, सूचना पाकिटावरच चिकटवणं, जेवणाआधी किंवा दात घासल्यावर अशा रोजच्या कामाला गोळी जोडणं. इच्छाशक्ती वाढवा असं काही त्यात लिहिलेलं नाही.

अलार्मबद्दल फॉरवर्ड अर्धा खरा आहे, हे मला मान्य करावं लागतं. तोच सूर रोज वाजला की कान तो ऐकेनासा होतो. आमच्याकडे तिसऱ्या आठवड्यातच भाऊ झोपेत अलार्म बंद करायला लागला. पण म्हणून अलार्म फेकून द्यायचा नसतो, त्याची जागा बदलायची. आता जुना फोन डबीशेजारी ठेवलाय आणि त्याच्या बाजूला पाण्याचा भरलेला तांब्या. गोळी गिळल्याशिवाय अलार्म बंद करायचा नाही. डबी पहिल्या पाळीच्या आठवड्यात गाडीच्या किल्लीच्या खुंटीला असते, कारण किल्लीशिवाय तो घराबाहेर पडूच शकत नाही. दुसऱ्या पाळीला किती वाजता घ्यायची हे डॉक्टरांनी वेगळं ठरवून दिलं आहे. त्या आठवड्यात डबी जेवणाच्या जागी येते.

इथंच २१ दिवसांचं सांगून टाकते. हा आकडा मॅक्सवेल मॉल्ट्झ या अमेरिकन प्लास्टिक सर्जनचा, १९६० चा. तोही ‘किमान सुमारे २१ दिवस’ म्हणाला होता, त्यातलं ‘किमान’ लोकांनी गाळलं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनी पुढे ९६ जणांवर पाहिलं, तेव्हा सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागत होते, आणि अंदाज १८ पासून २५४ दिवसांपर्यंत पसरलेला होता. एखादा दिवस चुकल्यानं फारसं बिघडत नाही, हेही त्यांना दिसलं. माझ्या भावाची पाळी तर २१ दिवसांत तीनदा बदलते.

नशेच्या गोळीबद्दल : मिथाइलफेनिडेट १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीत आहे, हे खरं. म्हणून तर चिठ्ठीशिवाय मिळत नाही आणि प्रत्येक मेडिकलमध्ये ठेवलेली नसते. यादीत असणं म्हणजे सांगितलेल्या मात्रेत घेणारा नशा करतो असं नाही. ॲटोमॉक्सेटीन तर त्या यादीत नाहीच. या कडक नियमामुळे त्रास वेगळाच होतो. औषध संपत आलंय हे आठवणंसुद्धा त्याच माणसावर येऊन पडतं. शेवटच्या पट्टीवर मी लाल रबर लावते. रबर दिसलं की त्याच दिवशी डॉक्टरांना फोन.

रविवारची सुट्टी काही डॉक्टर काही रुग्णांना, मिथाइलफेनिडेटच्या बाबतीत, विचार करून देतात. ॲटोमॉक्सेटीनला ती चालत नाही, तिचा गुण दिसायलाच काही आठवडे रोज घ्यावी लागते. एडीएचडीसाठी काहींना दिली जाणारी क्लोनिडीन अचानक थांबवली तर रक्तदाब उसळू शकतो. तेव्हा सुट्टी डॉक्टरांनी द्यायची, भिशीच्या ग्रुपनं नाही.

बदामाला माझा विरोध नाही. आपल्या तालमीतल्या थंडाईत बदाम असतात, खावेत. पण ते खाणं आहे, या औषधाची जागा घेत नाही. ब्राह्मी घ्यायची असेल तर डॉक्टरांना सांगून घ्या.

ज्या काकूंनी आईला हा फॉरवर्ड पाठवला, त्यांना मी काल फोन केला. त्यांनी चांगल्या मनानंच पाठवला होता, त्यांच्या नातवाचंही नुकतंच निदान झालंय. काकू, तुम्ही हे वाचाल म्हणून लिहिते. दुसऱ्या दिवशी दोन गोळ्यांचा तो मुद्दा चुकीचा आहे, असं ज्या ज्या ग्रुपवर तुम्ही तो पाठवला तिथं आजच लिहा. सात खणांची डबी मी तुमच्यासाठी आणून ठेवली आहे, संध्याकाळी घेऊन येते.